पानाच्या डब्यावरचं बोट

जुन्या वस्तूंचे फोटो काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. माझ्या फोटोतल्या विझलेल्या कंदिलावरही पतंग येऊन आपटतात, असं मी महाडभर सांगतो आणि निम्मं महाड ते मानतं.

मागच्या वर्षी पोलादपूरच्या काकीकडून तिचा पितळी पानाचा डबा मागून आणला. काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. खिडकीशी काळं घोंगडं टांगलं, डब्याशेजारी अडकित्ता ठेवला आणि मासळीच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण धरून सावलीत उजेड परतवला. सगळं जमलं होतं. फक्त डब्याच्या झाकणावर एक पांढरा डाग असा चमकत होता, की रायगडावरून दिसावा. तो ओल्या फडक्यानं पुसला. डागासकट काढलेला पहिला फोटोही खोडून टाकला.

डबा परत द्यायला गेलो, तर काकीनं फोटोकडे पाहिलंच नाही. झाकणावरून हात फिरवत म्हणाली, "हितं चुना होता ना रे?"

"डाग होता काकी. पुसला मी."

"डाग नाय रे तो. पानाला चुना लावून झाला की हे हितंच बोट पुसायचे. मी रोज ओरडायची. चार वर्षं पाणी लावलं नाय मी डब्याला."

"मी लावतो ना चुना. माझं बोट अगदी काकांसारखं आहे."

"तुझ्या बोटाचं मी काय करू?"

मग ती डबा घेऊन मागल्या दारी गेली. "आता घासायला हरकत नाय," म्हणाली आणि चिंच लावून घासत बसली.