तीनशे बारा कामांची मालकीण

मूर्तिजापूरच्या पायल तायडेला राग येतो, हे तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो उगाच येणारा राग नाही. मे महिन्यातल्या काळ्या जमिनीसारखा तो सावकाश तापतो. वरून सगळं निवांत दिसतं, आणि अनवाणी पाय ठेवला की फोड येतो.

तिचं काम आधी सांगायला हवं, कारण तिच्या आईला, भागीरथाबाईला, ते शेजारणींना अजूनही सांगता येत नाही. पुण्यात एक मोठी कंपनी आहे. विम्याचे दावे मंजूर करायची सगळी व्यवस्था ती संगणकावर चालवते. तिथं पाच हजार इंजिनियर आहेत आणि त्यांनी लिहिलेले हजारो लहानमोठे प्रोग्राम. कोणता प्रोग्राम काय करतो, तो कोण सांभाळतं, बंद पडला तर फोन कुणाला लावायचा, नव्या माणसानं पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करायची, हे सगळं एका जागी सापडावं म्हणून कंपनीनं आपल्या माणसांपुरतं एक पोर्टल काढलं. ते पायल चालवते. वरच्या खोलीत, कूलरसमोर बसून.

चालवते म्हणजे लोकांच्या मागे लागते. माहिती भरा म्हणते, तर कुणी भरत नाही. भरलीच तर शेजारच्या टीमची उचलून चिकटवतात. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं तशीच राहतात, लग्न उरकल्यावर मांडव राहावा तशी. एका टीमनं तर तुझं पोर्टल संथ आहे म्हणत स्वतःचं वेगळं काढलं, आणि ते बंद पडलं तेव्हा हिलाच विचारलं, "आमची माहिती कुठे गेली?" पोर्टलवर पहिल्याच पानावर जे लिहिलेलं असतं तेच पन्नास जण तिला रोज चॅटवर विचारतात. आणि वरच्या साहेबांना कळतो फक्त रंग. मालकाचं, म्हणजे सांभाळणाऱ्याचं, नाव असेल तर प्रोग्रामपुढचा चौकोन हिरवा, नसेल तर लाल. लिहिलेलं खरं की खोटं, हे रंगाला कुठून कळणार?

त्या बुधवारी सकाळी अकरा वाजता तिचा फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला.

"पायल, कधी सुरू होतंय?" कुणीतरी ओरडून विचारत होतं.

"काय सुरू होतंय?"

"दवाखान्याची मंजुरीची पत्रं! सगळी अडकलीत. मालक तूच आहेस ना?"

तिनं नोंद उघडली. त्या प्रोग्रामपुढे मालक म्हणून तिचंच नाव होतं. तो प्रोग्राम तिनं जन्मात पाहिला नव्हता. मग तिनं स्वतःचं नाव शोधलं. पोर्टलची स्वतःची नोंद सोडून तीनशे बारा ठिकाणी सापडलं. तिनं पुण्याला किशोर सरांना, आपल्या वरिष्ठांना, फोन लावला.

"सर, हे माझं नाव कुणी टाकलं?"

"अगं, तात्पुरतं आहे ते. बेवारस नोंदी लाल दिसत होत्या. शुक्रवारी मोठ्या साहेबांना दाखवायचंय. कुणाचं तरी टाकायचंच होतं."

"मग तुमचं टाकायचं होतं."

"टोन, पायल. आणि तो मागे ट्रक सुरू आहे का?"

"कूलर आहे, सर."

खऱ्या माणसाचा माग काढायला तिला साडेतीन तास लागले. त्या प्रोग्रामची टीम दोन वर्षांपूर्वी मोडली होती. शेवटी हैदराबादेत एक जण सापडला, त्यानं दहा मिनिटांत तो सुरू केला. तोवर कुठल्या कुठल्या गावच्या दवाखान्यांत बरी झालेली माणसं, भरलेली पिशवी मांडीवर घेऊन, घरी जायच्या पत्राची वाट बघत बसली होती.

गुरुवारी त्या बिघाडाचा अहवाल निघाला. 'मालकाकडून प्रतिसादास विलंब. मालक: पायल तायडे.' तो पाच हजार जणांना गेला.

दुपारी ती खाली आली, पण ताटाला हात लावला नाही. मोतीराम, तिचे वडील, एसटी डेपोतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "कावून जेवून नाई राहिली वं?"

"तीनशे बारा कुलपं माह्या नावावर टाकली, बाबा. एकाचीबी चावी माह्याजोळ नाई."

मोतीराम हसले नाहीत. म्हणाले, "मंग केशवरावसारखं झालं."

केशवरावांची गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ होती. वस्तीतल्या विहाराच्या दारामागे एक फळा आहे. ज्या घराकडे त्या महिन्याची चावी, त्या घरानं दार उघडायचं, झाडायचं आणि फळ्यावर आपलं नाव लिहायचं. एका वर्षी केशवराव चांदूर रेल्वेला लेकीकडे गेले होते. त्यांची पाळी आली म्हणून मोतीरामांनी भलेपणानं त्यांचं नाव लिहून टाकलं, चावी कुणाकडे ते पाहिलं नाही. बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी अख्खी वस्ती पांढरे कपडे घालून कुलपासमोर उभी, आणि शिव्या खाल्ल्या गावात नसलेल्या केशवरावांनी. मोतीरामांनी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून विहारात नियम झाला, की नाव ज्याचं त्यानंच लिहायचं. वस्तीतल्या तानुबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या ओला अंगठा खडूच्या भुकटीत बुडवून फळ्यावर उमटवायच्या, पण कुणी त्यांच्यासाठी लिहिलं नाही.

"मी तरी माफी मांगली होती," मोतीराम म्हणाले. "तुह्या साहेबानं मांगली काय?"

ती जेवली नाही. वर गेली.

शुक्रवारी सकाळी तिनं पोर्टलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलं, 'ज्या नोंदींत माझं नाव मी लिहिलेलं नाही, तिथून ते आज काढत आहे.' किशोर सरांनाही तेच पाठवलं. कुणी वाचलं नाही. पोर्टलवरचं कुणी वाचतं कुठे?

ऑनलाइन बैठकीत किशोर सर सांगत होते, "शंभर टक्के नोंदींना मालक," आणि पान उघडलं. पडद्यावर गोवर उठल्यासारखं लाल.

"हे काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"खरं आहे ते, सर," पायल म्हणाली. "हिरवं होतं ते खोटं होतं. ते नाव मी नाई लिवलं. ज्याचं काम आहे त्यानं आपल्या हातानं लिहावं. माणसं दवाखान्यात अडकली होती, सर. माझ्या नावाखाली."

तिच्या कूलरचा आवाज पुण्यापर्यंत ऐकू जात होता.

बैठक संपताच किशोर सरांचा फोन आला. "सोमवारपर्यंत नावं परत टाक. नाही तर पोर्टल दुसऱ्याकडे जाईल."

"जाऊ द्या. पण येणाऱ्याला सांगा, पोर्टलच्या स्वतःच्या नोंदीत मालक म्हणून माझं नाव मी पहिल्या दिवशी माझ्या हातानं लिहिलंय. त्यानं यावं, आपलं लिहावं. मग मी माझं पुसते."

सोमवारी हैदराबादच्या माणसानं आपलं नाव लिहिलं. त्याच्यामागून आणखी अठरा जणांनी. दोनशे त्र्याण्णव जागा लालच राहिल्या. अहवालातली ओळ मंगळवारी गुपचूप बदलली, 'मालक: नोंद नाही.' माफी कुणी मागितली नाही. आणि पोर्टलच्या मालकाच्या जागी आपलं नाव लिहायला महिना झाला तरी कुणी आलेलं नाही.

पायल रोज सकाळी कूलरमध्ये पाणी भरते आणि त्या दोनशे त्र्याण्णवांच्या मागे लागते. पुण्याहून रोज कुणीतरी विचारतं, "पायल, हे लाल कधी जाणार?"

ती दात आवळून टाइप करते, "तुम्ही लिहाल तेव्हा."