पोटाखालची ऊब

शरच्चंद्र घाडी यांनी गोरेगावच्या स्टुडिओत चौतीस वर्षं लाइट लावले. सेटवर सगळे त्यांना लाइटदादा म्हणत. निवृत्त झाल्यावर बोरिवलीची खोली बंद करून मालवणकडे गावाला, धाकट्या भावाशेजारी राहायला जायचं, हे ठरलेलंच होतं. तेवढ्यात मुलगी दर्शना नर्सिंगच्या नोकरीला जर्मनीला निघाली आणि जाताना एक काचेची पेटी टेबलावर ठेवून गेली. आत वीतभर पाल, पिवळ्या अंगावर काळे ठिपके. लेपर्ड गेको. नाव बिटकी.

"दोनच महिने, बाबा. मग माझी मैत्रीण नेईल ना."

मैत्रिणीचं लग्न झालं, सासूला पालीची किळस. दोन महिन्यांचं वर्ष झालं. गावाला न्यावी तर तिथे पावसात तीन-तीन दिवस वीज नसते, मग पेटी उबदार ठेवायची कशी, आणि तिला खायला लागणाऱ्या जिवंत अळ्या पाठवणार कोण? शेजारच्या नलिनीवहिनी पेटीकडे पाठ करूनच बोलायच्या. "भावजी, पाल अंगावर पडली तर लोक न्हातत. आणि तुमी तिका जेवाक घालतास!"

डिसेंबरात गारठा पडला. दादांना वाटलं, जनावर कोरड्या मुलखातलं, त्याला ऊन पाहिजे. दर्शनाने पेटीखाली एका बाजूला गरम होणारी चटई लावून दिली होती. दादांनी ती काढून माळ्यावर टाकली. उजेड आणि ऊब वरूनच यायची, हे चौतीस वर्षांचं शिक्षण. जुना छोटा लाइट काढला, हिरॉइनच्या क्लोजअपला लावावा तसा लावला. ठिपकान् ठिपका दिसायला लागला.

बिटकी पेटीत लपायला ठेवलेल्या करवंटीखाली शिरली ती बाहेर येईना. अळ्या नुसत्या वळवळत राहायच्या. पंधरा दिवसांत तिची अंगठ्याएवढी शेपटी वाळक्या चिंचेसारखी झाली. अंगातली चरबीची साठवण तिथेच असते, हे दर्शनाने बजावून सांगितलं होतं.

एका सकाळी दादांच्या मनात आलं, आता ही फार दिवस काढायची नाही. आणि पाठोपाठ गावच्या गाडीची वेळ आठवली. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. चहा तसाच ठेवून त्यांनी दर्शनाने नंबर दिलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना, चंद्रप्रकाशांना, व्हिडिओ कॉल लावला.

"काका, हे काय, शूटिंग चाललंय?" डॉक्टर ओरडलेच. "बंद करा आधी! ही दिवस कलल्यावर हिंडणारी जात. हिला पोटाखालून ऊब लागते, त्याशिवाय अन्न पचत नाही. चटई कुठाय?"

"काढलंय."

"लावा परत. थर्मोस्टॅट जोडा, बत्तीस डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका. एक बाजू गरम, दुसरी थंड. तिला हवं तिथे ती जाईल. कात सुटायला ओल्या कपड्याची एक डबी ठेवा. आणि पेटी केवढीशी! एवढ्याशा जागेत कोण राहील?"

दादांनी आपल्या खोलीवरून नजर फिरवली. "मी रवतंय."

लाइट विझला. तीन फुटांची नवी पेटी आली, तिने अख्खं टेबल खाल्लं. दादा पलंगावर ताट घेऊन जेवायला लागले.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला करवंटीतून डोकं आलं. दादांनी कॅल्शियमच्या पुडीत घोळवलेली अळी चिमट्याने पुढे धरली. शेपटीचं टोक थरथरलं आणि अळी गडप. मग दुसरी. मग तिसरी. दादांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

"झकास, काका!" डॉक्टर म्हणाले. "अशी सांभाळलीत तर अजून पंधरा वर्षं सहज काढेल."

दादा त्रेसष्ट वर्षांचे होते.

रविवारी भावाचा फोन आला. "दादा, तुझ्या खोलयेक रंग मारून घेतलंय. कधी येतंस?"

"माझी वाट बघू नको," दादा म्हणाले. "थंय तुझ्या झिलाक रवांदे."

खोली पुतण्याला देऊन दादा मोकळे झाले होते. पालीसाठी? असं भावाने विचारलं, आणि दादांनी हो म्हटलं. फोन ठेवून ते अळ्यांना खायला घालायचं गाजर चिरत बसले.