घरांचे भाव चढले तेव्हाची दलाली

दलालाच्या घरी दोन गोष्टी साठत जातात, झिजलेल्या चपला आणि दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी. चपला बायकोनं केव्हाच टाकून दिल्या. भानगडी अजून आहेत. चार माणसं जमली की त्यातली एखादी निघतेच, ती संपायच्या आत दुसरी आठवते, आणि चहा गार होतो.

थोरले महाराज गादीवर होते तेव्हाच्या या गोष्टी. कोल्हापुरात रेल्वे येऊन काही वर्षं झाली होती. स्टेशनजवळ गुळाची नवी पेठ वसत होती, आणि गावोगावची पोरं शिकायला शहरात येऊन राहत होती. ज्या घरांना भाडेकरू मिळायची मारामार, त्यांच्या दारात टांगे थांबायला लागले. मी आणि माझ्या बायकोचा थोरला भाऊ तात्या, दोघं मिळून घरांची दलाली करायचो. तात्याच्या ओसरीवर घोंगडं टाकलं की आमचं ऑफिस उघडलं. तात्या मला शेवटपर्यंत 'पावणं' म्हणाला.

आमच्यात तिसरे हुसेनचाचा. ते गवंडी. गिऱ्हाइकाला घर दाखवायला गेलो की भिंतीवर बोटं वाजवून भिंत कशी आहे ते सांगायचे. एकदा एका घरमालकानं त्यांना बाजूला घेतलं आणि भिंतीबद्दल जरा बरं बोला म्हणून विनवलं. चाचा गिऱ्हाइकासमोर येऊन म्हणाले, "भिंत इमानी हाय. पडली तर घरातल्यांवरच पडंल. शेजाऱ्याला तरास न्हाय."

ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

*

स्टेशनच्या अंगाला दत्तोबांचं घर होतं. रेल्वे आली तेव्हा सगळ्यात मोठी तक्रार त्यांची. इंजिनाच्या शिट्टीनं म्हैस आटली, सून दचकते, देवपूजेत मंत्र विसरतो, असं काय काय सांगायचे. दरबारात अर्ज करणार होते. मग भाव चढले आणि दत्तोबांची शिट्टीवर माया बसली. गुळाचा व्यापारी घर बघायला आला की सांगायचे, शिट्टी ऐकून चपला घालायच्या, तरी गाडी मिळते.

एकदा तात्यानं एक पेन्शनर शिरस्तेदार आणले. त्यांना झोप येत नसे, म्हणून निवांत जागा हवी होती. दत्तोबांनी न अडखळता सांगितलं की इथं झाडाचं पान पडलं तरी ऐकू येतं. तेवढ्यात शिट्टी देऊन मिरजेची गाडी सुटली. कोनाड्यातलं फुलपात्र थरथरत कडेपर्यंत आलं. शिरस्तेदार दत्तोबांकडं बघत राहिले.

दत्तोबा म्हणाले, "ही शेजारच्या घरात वाजती."

*

शंकर सुताराचं मंगळवार पेठेत कोपऱ्यावरचं घर. हात सोन्याचा, पण भाव चढल्यापासून त्यानं रंधा खाली ठेवलेला. रोज सकाळी आमच्या ओसरीवर यायचा आणि आज आपल्या घराचं काय मिळेल ते विचारायचा. तात्या गंमत म्हणून कालच्यापेक्षा थोडं चढवून सांगायचा. शंकर मान डोलवायचा, पान खायचा आणि घरी जायचा. विकायची गोष्ट त्यानं एकदाही काढली नाही.

एक दिवस त्याची बायको सखू आली. पदर खोचून उभी राहिली.

"तुमी ह्येंला रोज सावकार करून घरी धाडताय," ती म्हणाली. "येत्यात आन् लोडाला टेकून बसत्यात. सुताराच्या घरात चुलीला ढलपी न्हाय."

तात्यानं खाली मान घातली. तिनंच उपाय सांगितला. उद्या भाव पडला म्हणून सांगायचं.

दुसऱ्या दिवशी तात्यानं चेहरा पाडून शंकरला सांगितलं, पेठ दुसऱ्या बाजूला वाढणार म्हणतात, भाव निम्म्यावर आला. शंकरनं त्या दिवशी पान खाल्लं नाही. पाणी प्यायला आणि उठून गेला. दुपारी त्या बाजूनं जाताना मला रंध्याचा आवाज आला.

पुढं त्याला गुळाच्या वखारींच्या दारांचं मोठं काम मिळालं. तात्याचं मन त्याला खात होतं. त्यानं वाटेत शंकरला गाठलं आणि म्हणाला, भाव परत चढलाय बाबा, तुला खरं सांगायला पाहिजे.

"आत्ता नगा सांगू," शंकर म्हणाला. "अजून चार दारं व्हायची हायत."

*

गंगव्वा एकटी बाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, घर मात्र चांगलं ऐसपैस. तिनं घर विकायचं म्हटलं आणि आम्ही निपाणीचे तंबाखूचे व्यापारी बसाप्पा यांना घेऊन गेलो. पहिल्याच भेटीत सौदा जवळजवळ ठरला. दुसऱ्या भेटीत गंगव्वानं भाव वाढवला. तिसऱ्या भेटीत परत वाढवला.

प्रत्येक वेळी ती काहीतरी करून ठेवायची. कधी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, कधी गोडाची पोळी. मग ती आणि बसाप्पा कानडीत बोलत बसायचे. मला आणि तात्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही, म्हणून आम्ही पोळी खायचो. निघायच्या वेळी ती मराठीत नवा भाव सांगायची.

शेवटी बसाप्पांनी हात जोडले. "अक्का, मला आता परवडत न्हाय. घर ऱ्हाऊ दे."

गंगव्वानं त्यांच्या भांड्यात ताक ओतलं. म्हणाली, "घर ऱ्हाऊ दे, तम्मा. तू येत जा."

बाहेर पडल्यावर बसाप्पांनी सांगितलं, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. तिचं माहेर निपाणीच्या पलीकडचं, त्यांच्या मामाच्या गावाला लागून. ती दर वेळी तिकडचं विचारायची. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची मुलगी कुठं दिली. लग्न होऊन आल्यावर तिला तिकडचं सांगणारं कोणी भेटलंच नव्हतं.

बसाप्पांनी दोन गल्ल्या सोडून घर घेतलं, तेही दुसऱ्या दलालाकडून. गंगव्वा असेपर्यंत ते तिच्याकडं जेवायला जात राहिले.

तात्या म्हणाला, "सगळ्यांचं झालं, पावणं. आपलंच तेवढं ऱ्हायलं."

*

एक मास्तर होते. नानांच्या घरात मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचे. तेच घर विकत घ्यायचं त्यांच्या मनात होतं. दर दिवाळीला ते नानांना किंमत विचारायचे, आणि दर दिवाळीला किंमत त्यांच्या शिलकीच्या एक पाऊल पुढं असायची. मधल्या काळात मास्तरांच्या बायकोनं मागच्या अंगणात शेवंती लावली, जाई चढवली, न्हाणीच्या पाण्यावर अळू केला. अळूच्या वड्या झाल्या की एक ताट नानांकडं जायचं.

एका दिवाळीला नानांनी नेहमीपेक्षा जास्तच किंमत सांगितली. मास्तरांनी कारण विचारलं तर म्हणाले, आता घराला बाग झालीय.

मास्तरांनी घरी येऊन बायकोला ते जसंच्या तसं सांगितलं. सकाळी नाना उठून बघतात तर अंगणात नुसते खड्डे. झाडं सगळी टोपल्यांत आणि फुटक्या घागरींत, मास्तरांच्या खोलीत.

त्यानंतर आम्ही दोन गिऱ्हाइकं आणली. दोघांचीही नजर त्या खड्ड्यांवर. हुसेनचाचांनी तर गिऱ्हाइकासमोरच विचारलं, घूस लागलीय का म्हणून. नाना कावले आणि त्यांनी आम्हाला मास्तरांकडं धाडलं, की झाडं होती तिथं लावा. मास्तरांच्या बायकोनं आतूनच उत्तर दिलं, "लावीन की. माझ्या अंगणात लावीन."

नानांनी आठवडा कसाबसा काढला. मग स्वतःच मास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आदल्या दिवाळीच्या भावानं घर घ्या," ते म्हणाले. "पर वड्या बंद करू नगा."

*

आप्पा आणि दौलू सख्खे भाऊ. वाटणीत खालचं घर थोरल्या आप्पाला आलं आणि वरची माडी धाकट्या दौलूला. जिना आप्पाच्या घरातून वर जायचा. घर स्वस्त होतं तोवर जिना कुणाचा हे कुणाला सुचलं नव्हतं. दोन्ही जावा एकाच चुलीवर पापड भाजायच्या.

भाव चढले आणि आप्पाला कुणीतरी सांगितलं, जिन्यानं तुझी एक खोली खाल्लीय. त्यानं दौलूला माडी आपल्याला स्वस्तात दे म्हटलं. दौलू देईना. आप्पानं जिन्याच्या दाराला आतून कडी घातली. दौलूनं दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या बाजूच्या खिडकीचे गज काढले आणि पुढच्या अंगणातून शिडी लावली. अंगण दोघांच्या सामाईकीत, पण आप्पा ते आपलंच म्हणायचा. तेव्हापासून वरची माणसं शिडीनं जा-ये करायची आणि पाण्याची घागर दोरानं वर जायची. दोघांत तडजोड करायला मी आणि तात्या कितीदा गेलो. खाली गेलो की आप्पा जिन्याचा भाव सांगायचा, वर गेलो की दौलू शिडीचे फायदे सांगायचा.

वर्षभरानं दौलूच्या मुलाचं लग्न झालं. मुलगी कागलकडची. आप्पाला आमंत्रण नव्हतं. वरात वाजतगाजत दारात आली तेव्हा तो आपल्या उंबऱ्यावर बसून होता. गल्ली नुसती भरली होती. नवरा पुढं चढून गेला. मागोमाग नवरी शालू सावरत एकेक पायरी चढली. खिडकीच्या चौकटीवर तांदळाचं माप ठेवलं होतं. तिनं रीतीप्रमाणं त्याला पाय लावला, आणि माप आत पडायच्या ऐवजी बाहेर आलं. खणखणत खाली आप्पाच्या पुढ्यात येऊन पडलं. तांदूळ सगळे अंगणभर.

वाजंत्री थांबली. वर दौलूच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. तात्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

आप्पानं मापाकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माप आमच्या अंगणात पडलं. म्हंजी लक्ष्मी आमच्या घरात आली."

नवरी शिडीच्या वरच्या पायरीवर होती. तिनं खाली बघितलं.

"मग खालनंच येतो की, मामंजी," ती म्हणाली.

ती एकेक पायरी उतरली. माप उचललं, उजवा पाय आप्पाच्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि थोरल्या सासूच्या, आप्पाच्या बायकोच्या, पाया पडली. सासूनं तिला उठवलं, आप्पाकडं न बघता जिन्याकडं गेली आणि कडी काढली.

नवरी जिन्यानं वर गेली. तिच्यामागं अख्खी वरात आप्पाच्या घरातून वर गेली. आप्पा उंबऱ्यावरच बसलेला होता, आणि आत शिरणारा प्रत्येकजण त्याला म्हणत होता, "जरा सरका."