शून्यावरचा खिळा

“तुझा काटा खोटा हाय, खोटा. माझा न्हाई. बघ की डोळं फाडून.”

पंक्चरवाला कॉम्प्रेसरच्या धडधडीवरून ओरडत होता, आणि एवढ्या जोरात, की नारायणगावच्या स्टँडवर जीपच्या टपावर बसलेला माणूस दचकून स्वतःच्याच मनगटावरचं घड्याळ बघायला लागला.

मी डोळे फाडलेलेच होते. हवेच्या एकाच नळीला आम्ही दोन काटे जोडले होते. एक त्याचा, टायरची हवा मोजायचा. एक माझा, कुकरची वाफ मोजायचा. हवा तीच, नळी तीच. त्याचा काटा पंचवीस पौंड दाखवत होता, माझा पंधरा.

“तुझाच बिघडला असंल,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे दोन टायर एकदम बसल्यासारखं तोंड करून पाहिलं, आत गेला, प्लास्टिकच्या पिशवीतून नवाकोरा काटा काढला आणि तोही नळीला लावला. नवा काटा पंचविसावर जाऊन उभा राहिला. दोन विरुद्ध एक.

मग त्याने हवा सोडली. तिन्ही काटे खाली आले आणि शून्यावर टेकले. माझाही टेकला, अगदी साळसूदपणे. गेले पंधरा दिवस तो असाच टेकत होता, म्हणून तर मला संशय आला नव्हता.

“शून्यावर बसतोय की बरोबर,” मी शेवटचा प्रयत्न केला.

“बसतोय कुठला. अडकलाय.” त्याने स्क्रू ड्रायव्हरने माझ्या काट्याची काच उचकटली. शून्यापाशी एक बारीक खिळा होता, काट्याने त्याच्या खाली जाऊ नये म्हणून. त्याने पक्कडीने तो उपटला. तसा माझा काटा खिळ्याच्या जागेवरून आणखी खाली सरकला आणि म्हाताऱ्याच्या मिशीसारखा लोंबत राहिला. कुठेतरी आपटून तो दांड्यावरच फिरला होता. पहिले दहा पौंड तो जागचा हलतच नव्हता. मला ते दिसलं नव्हतं असं नाही. उलट गिऱ्हाइकांना मी सांगत होतो, हा भारदस्त काटा आहे, किरकोळ वाफेला उठून उभा राहत नाही.

आता माझा धंदा सांगायला हवा. मी कुकर दुरुस्त करतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माझ्या हाताखालून न गेलेला कुकर एकतर अजून दुकानात आहे किंवा भंगारात गेला आहे. कुकरची शिट्टी ही शिट्टी नाही, वजन आहे, हे मी घसा कोरडा करून किमान पाच हजार बायकांना सांगितलं असेल. वाफ ते वजन उचलते तेव्हा शिट्टी होते. नीट वजनाची शिट्टी पंधरा पौंडांना उठते. वजन वाढवलं की वाफ आत जास्त कोंडते आणि शिट्टी उशिरा होते. फारच कोंडली तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि वाफ तिथून वाट काढते. तोही नसेल, तर ती स्वतःच्या मनाने वाट काढते. तिची वाट कोणाच्या अंगावरून जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

शिट्टीचं वजन बरोबर आहे का हे बघायला मी एका जुन्या झाकणाला भोक पाडून हा काटा बसवला होता. लोकांनी शिट्ट्या आणायच्या, मी त्या झाकणावर ठेवून वाफ करायची, कितीला उठते ते वाचायचं. डॉक्टरने रक्तदाब बघावा तसा मी चेहरा करून बघायचो. त्या चेहऱ्यावरच माझं निम्मं दुकान चालायचं.

पंधरा दिवसांपूर्वी मी डिंगोऱ्याला गेलो होतो. ओतूरच्या अलीकडे एका खड्ड्यात माझी मोटारसायकल अशी उडाली, की मला खालून जाणारी गाडी दिसली. मागची पेटी रस्त्यावर पडली. मी उचलली, फुंकर मारली आणि पुढे गेलो. डिंगोऱ्यात थोरल्या बहिणीच्या आळीत बसलो आणि शिट्ट्या तपासल्या. अकरा आल्या. अकराच्या अकरा हलक्या निघाल्या, पाच पौंडांनाच उठणाऱ्या.

शहाण्या माणसाला तिथेच कळलं असतं. अकरा घरांत अकरा वेगवेगळे कुकर, सगळेच कसे एकसारखे हलके? मला मात्र भलतंच स्फुरण चढलं. पारावर उभा राहून मी भाषण ठोकलं, की आयाबायांनो, तुम्हाला फसवलंय, हलकी शिट्टी विकून तुमचा गॅस जाळलाय. बायका हळहळल्या. एकीने चहा आणला. आणि मी पेटीतल्या जुन्या पितळी नळाची जाड कडी कापून एकेका शिट्टीला घट्ट बसवली. माझ्या काट्यावर पंधरा येईपर्यंत.

म्हणजे खरे पंचवीस.

त्यानंतर काटा पेटीतून बाहेर निघालाच नव्हता. आज सकाळी डब्यातून काढलेली कोरी शिट्टीही पाचालाच उठली, तेव्हा कुठे डोक्यात किडा वळवळला. मोटारसायकलचं चाक काढायला पंक्चरवाल्याकडे आलोच होतो, म्हटलं काटाही बघून घेऊ.

मी आक्काला फोन लावला. वाजत राहिला. आक्का फोन पिठाच्या डब्यावर ठेवते आणि गावभर हिंडते. मग तिच्या आळीतल्या किराणा दुकानदाराला लावला.

“भाऊ, नीट ऐका. आळीत सगळ्यांना सांगा, कुकर लावू नका. लावले असतील तर गॅस बंद करा. फुटतील.”

“हां. आन मागच्या साली बिबट्यानं तुला हात करून लिफ्ट मागितली व्हती, त्यो पोचला का घरी?”

“ते गमतीत व्हतं.”

“मग हे बी गमतीतच घेतो. आन मस्करीचा दिस न्हाई हा. आळीतलं म्हातारं गेलं काल. त्यांच्यात चूल न्हाई, म्हणून आज घरटी एक कुकर लागणार हाय. पावणं जेवायचं हायती.” त्याने फोन ठेवला.

दुखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी आपापल्या घरून शिजवून नेतात. एरवी अकरा कुकर अकरा वेळांना लागले असते. आज एकाच वेळी लागणार होते. पंधरा दिवस घरापुरते, मंद जाळावर, ते उशिरा का होईना वाजले असतील; आज काठोकाठ भरून मोठ्या जाळावर जाणार होते.

तरी दहांची मला तेवढी भीती नव्हती. त्यांचे सेफ्टी व्हॉल्व्ह शाबूत होते. फार तर डाळ आढ्याला जाईल. अकरावा कुकर आक्काचा. त्याचा व्हॉल्व्ह गळत होता. माझ्याजवळचे व्हॉल्व्ह संपले होते. मी त्या भोकात नट-बोल्ट आवळून टाकला आणि म्हणालो, आठ दिवसांत नवा आणून बसवतो, तोवर शिट्टी आहेच की. आठाचे पंधरा झाले होते.

“तुझी गाडी दे,” मी पंक्चरवाल्याला म्हणालो.

“भाऊ घेऊन गेलाय बोरी बुद्रुकला, ट्रॅक्टरचं टायर पोचवाया.” माझ्या गाडीची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे सोडत पडली होती. मी जीपकडे पळालो.

नारायणगावची जीप किती माणसं बसल्यावर सुटते हे शास्त्राला अजून कळलेलं नाही. चौदा बसले होते. ड्रायव्हर टोमॅटोच्या क्रेटवर बसून तंबाखू मळत होता.

“राव, सोडा की गाडी. बहिणीच्या घरी कुकर फुटाय आलाय.”

“फुटाय आलाय ते कळलं कसं? मिसकॉल दिला का त्यानं?” तो म्हणाला. गाडीतले हसले. पण एक मनुष्य उतरला, त्याने ड्रायव्हरच्या हातातली तंबाखू घेतली आणि म्हणाला, “चल रं. तोंड बघ त्याचं.” गाडी सुटली.

मग सुरू झालं. चौदांपैकी प्रत्येकाला एक कुकर आठवला. एकाच्या मामीचं झाकण पत्र्यातून गेलं होतं. समोरच्या बाईच्या जावेच्या कपाळावर शिट्टीचा वळ अजून आहे, गोल, नाण्यासारखा. मागून एक म्हातारा अगदी शांतपणे म्हणाला, “आमच्याकडं झाकण सापडलं. वटाणं सापडलं. बाईचं डोळं न्हाई वाचलं.”

जन्मभर मी लोकांना थापा मारत आलो. थाप कुठे ताणायची, कुठे सोडायची, हे मला माझ्या पक्कडीइतकं कळतं. त्या म्हाताऱ्याने काहीच ताणलं नव्हतं. मी परत आक्काला फोन लावला. वाजत राहिला.

ओतूरला गाडी बदलली. दुसऱ्या जीपमध्ये मी उभाच होतो, मागे, दांडीला लोंबकळत. उन्हं डोक्यावर आली होती. शेतांतून कुठेच माणूस दिसत नव्हता. मला वाटत होतं, आता लांबून एक आवाज येईल, मग आपण पोचायचं काहीच कारण उरणार नाही.

डिंगोऱ्याच्या फाट्यावर उतरून मी आळीपर्यंत धावलो. तसं धावलो, की माझी चप्पल माझ्यानंतर पोचली. आणि आळीच्या तोंडाशी थांबलो.

जेवणाच्या वेळी कुठल्याही गावच्या आळीत जा. एका घरात दुसरी शिट्टी, दुसऱ्यात चौथी, कोणी ओरडतंय, अगं मोजल्या का. इथे काहीच नव्हतं. दारादारांतून गॅसचा निळा जाळ ऐकू यायचा तेवढाच, सूंऽ असा. दुखाच्या घरापुढे माणसं मांडी घालून बसली होती. बायका आपापल्या उंबऱ्यात बसून वाट बघत होत्या. आमच्याकडे भात घड्याळावर शिजत नाही. डाळीला चार, भाताला तीन, हरभऱ्याला सात. शिट्ट्या मोजून गॅस बंद करायचा. शिट्टी झाली नाही तर शिजलं नाही. म्हणून त्या बसल्या होत्या, निवांत, पदराने वारा घेत, पहिल्या शिट्टीची वाट बघत. अकरा घरांत अकरा कुकर तापत होते आणि एकही वाजत नव्हता.

“गॅस बंद करा,” मी म्हणालो. कोणी मान वळवली नाही. परत म्हणालो.

“आला का,” दुकानदार दुकानातूनच म्हणाला. “बिबट्या कुठाय?”

त्याच क्षणी तिसऱ्या घरात धप्प असं झालं. पाठोपाठ वाफेचा असा फूत्कार आला, जणू जमिनीखालून काहीतरी श्वास सोडतंय. बाई उंबऱ्यातच होती म्हणून वाचली. आतून पिवळी डाळ आढ्यावरून गळत होती. व्हॉल्व्हने आपलं काम केलं होतं. माझ्या जिभेला वीस वर्षांत जमलं नाही ते त्या एका व्हॉल्व्हने केलं. सगळी आळी उठली आणि आपापल्या घरात गॅस बंद करायला पळाली.

आक्काच्या उंबऱ्यात कोणी नव्हतं.

मी दारातून आत पाहिलं. ओट्यावर कुकर. खाली मोठा जाळ. शिट्टीवर माझं पितळी कडं, लख्ख पिवळं, मीच घासलेलं. शिट्टी हलत नव्हती, डुगडुगतही नव्हती. झाकणाच्या कडेने पेजेचा एक बुडबुडा बाहेर यायचा, फुगायचा, फुटायचा. बोल्टच्या बुडातून केसाएवढी बारीक वाफ निघत होती, शीळ घातल्यासारखी. कुकरचा दांडा थरथरत होता.

आक्का आतल्या खोलीत असेल तर कुकरच्या समोरूनच बाहेर येणार. मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती आली असती.

मी जमिनीवर पालथा पडलो आणि सरपटत निघालो. ओट्याखाली सिलिंडर होता. दारापासून तिथपर्यंत आठ फूट असतील. मी ते अंतर पुढे पुष्कळांना चाळीस फूट म्हणून सांगितलंय आणि ते खोटं आहे असं मला अजून वाटत नाही. डोक्यावर ती शीळ बारीक होत चालली होती, उंच. हात रेग्युलेटरला लागला. फिरवला. जाळ विझला.

शीळ चालूच राहिली. जाळ विझला म्हणून वाफेला काही लगेच कळत नाही. मी ओट्याखालीच सिलिंडरला मिठी मारून पडून राहिलो. एका बाजूला गॅस, डोक्यावर वाफ. मनात देवाचं नाव आलं नाही. आला तो खिळा.

किती वेळ गेला कोण जाणे. शीळ खाली उतरली, मग बंद झाली. मी बाहेर आलो आणि भिंतीला टेकून बसलो.

आक्का मागच्या दाराने आली, डोक्यावर पदर, हातात रिकामं पातेलं. परसात पाणी तापवायला गेली होती, दुखाच्या घरासाठी. तिने मला पाहिलं, विझलेला गॅस पाहिला.

“तू कवा आलास? आन गॅस कुणी इझवला?”

मी तिला सगळं सांगितलं. एकही गोष्ट वाढवली नाही. काटा पडला, फिरला, खिळ्यावर टेकला, कडी चुकीची बसली, तुझ्या कुकरला बोल्ट आहे, व्हॉल्व्ह नाही. म्हणालो, “आक्का, अजून थोडा वेळ गेला असता आन तू परसातनं आत आली असतीस, तर आज या आळीत दुसरं मढं निघालं असतं. माझ्या हातनं.”

तिने पातेलं खाली ठेवलं, कुकरकडे बघितलं.

“एक बी शिट्टी झाली न्हाई,” ती म्हणाली. “भात कच्चाच असंल. परत ठिव.”