माशांची टाकी आणि सासूबाईंचे देव

माझा स्वभाव संशयी. दूधवाल्याच्या मापावर, भाजीवालीच्या तराजूवर, समोरच्या शेजारणीच्या गोड हसण्यावर, सगळ्यांवर माझा डोळा असायचा. एकट्या नवऱ्यावर नसायचा. माणूस इतका मवाळ की रिक्षावाल्यालाही 'अहो' म्हणायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही दोघं गिरगावातल्या चाळीतून मीरा रोडला, हाटकेशच्या बाजूला, फ्लॅटमध्ये राहायला आलो. सासूबाई चाळीतल्या खोलीतच राहिल्या. पुढे त्यांचे गुडघे धरले, तेव्हा हे त्यांना 'थोडे दिवस' म्हणून घेऊन आले. येताना त्यांनी देवांची पत्र्याची पेटी आणली आणि खोलीची किल्ली कमरेला खोचून आणली.

देव पेटीतच राहिले. रोज सकाळी झाकण उघडायचं, तिथल्या तिथे फुलं वाहायची, हात जोडायचे, झाकण बंद. मी म्हटलं, बाईंनी डाव टाकलाय. हॉलचा ईशान्य कोपरा देवांचा, तिथे ह्यांची माशांची टाकी. "कोपरा छान आहे हो," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. मला तेवढं पुरलं.

टाकीत सिक्लिड जातीचे मासे होते. ही जातच भांडकुदळ, जागेवरून एकमेकांच्या जिवावर उठते, असं दुकानदाराने आधीच सांगितलं होतं. तळहाताएवढा, काळाकुट्ट, जाड ओठांचा एक ऑस्कर. लाल गळ्याचे दोन. आणि बोटाएवढा एक पट्टेवाला, तो फुटक्या कुंडीत गुपचूप बसायचा. ह्यांचा तो भारी लाडका. "बघ, कसा कोणाच्या अध्यात ना मध्यात," म्हणायचे.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर लाल गळ्याचा एक मासा पाण्यावर आडवा, शेपटी फाटलेली. तळाशी भाताची शितं. दिवसभर घरात कोण असतं? मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, टाकीत भात कोणी टाकला?"

"मी. इथे खिडक्यांना जाळ्या, कावळा येतोय कुठून? तुझ्या सासऱ्यांच्या नावाने घास काढते, तो कोणाच्या तरी मुखात जायला नको?"

उत्तर इतकं चोख होतं की माझा संशय वाढलाच. मासे मेले की टाकी जाणार आणि टाकी गेली की कोपरा मोकळा, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ होते?

ह्यांनी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "बड़ावाला मारता होगा साब, उसको अलग करो." ऑस्करचं तोंडच तसं होतं, कोणालाही पटलं असतं. ह्यांनी लगेच त्याला जाळीने उचलून बाथरूममधल्या टबात टाकलं. टँकरचं पाणी साठवायचा तो टब. "आता आंघोळी ह्याला विचारून करायच्या का?" सासूबाई पुटपुटल्या. टबात तो मुका, थोराड जीव एका बाजूला तिरका होऊन पडून असायचा. त्याचेही पर कुरतडलेले आहेत हे तेव्हा मला दिसलं. मी ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "मारामारीत लागलं असेल."

पण उरलेल्या लाल गळ्याचीही शेपटी झिजायला लागली. रविवारी सकाळी मी टाकीसमोर ठाण मांडलं. टाकीत उरलेले दोघेही काचेला तोंड लावून माझ्याकडे बघत होते, अगदी सोज्वळ.

"समोर बसून काय कळणार?" सासूबाई म्हणाल्या. "तू दिसलीस की खायला मिळणार म्हणून गोडच वागतात. मागे ये."

त्यांनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवलं, पुढ्यात गवारीचं ताट ठेवलं. आम्ही शेंगा मोडत राहिलो. थोड्या वेळाने पट्टेवाला कुंडीतून बाहेर आला, सुसाट जाऊन दुसऱ्याचा लचका तोडला, आणि पुन्हा कुंडीत जाऊन बसला.

"बघितलंस?"

"मला वाटलं..."

"मी मारते, असंच ना?" गवारीवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या. "कोपऱ्यासाठी. अगं, मला काय करायचाय तुझा कोपरा? माझे देव माझ्या खोलीत जायचेत. म्हणून तर पेटीतनं काढले नाहीत."

मी पुढची शेंग उचलून मोडायला घेतली.

त्याच दुपारी चाळीतली त्यांची जुनी शेजारीण भेटायला आली. चहा झाला, पाणी येत नाही, डास फार, हे सगळं झालं. मग सहज म्हणाली, "तुमच्या खोलीतली नवी माणसं बरी आहेत हो. दाराला हिरवा रंग काढलाय."

सासूबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. हे उठून माशांना खाणं घालायला लागले.

पाहुणी गेल्यावर ह्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "आई, खोली देऊन टाकली. भाड्याची पावती माझ्याच नावावर होती, आणि दोन-दोन घरं कशाला सांभाळायची? तुला सांगायचं राहून गेलं." कोणी मीठ मागावं तसा आवाज. मी संतापाने लाल झाले, आणि मला भीतीही वाटली. ह्या माणसाचं मला काय काय सांगायचं राहून गेलं असेल?

सासूबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग आता देव कुठे मांडू?"

"कुठेही मांड ना. घर तुझंच आहे."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. टाकीतलं पाणी बादल्यांत काढलं. त्या हसऱ्या शेजारणीला हाताशी घेऊन टाकी बाथरूमजवळच्या बोळात नेली. दगड धुऊन उलटसुलट मांडले आणि फुटकी कुंडी सरळ कचऱ्यात टाकली. मग ऑस्करला परत सोडलं. जागा ओळखीची राहिली नाही, तसा पट्टेवाला काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नुसता फिरत राहिला. सासूबाईंनी ते बराच वेळ उभं राहून पाहिलं, गुडघे दुखत असतानाही.

मग त्यांनी कोपऱ्यात पाट मांडला, पेटीतून एकेक देव काढून पुसला आणि खोलीची किल्ली त्यांच्या पायाशी ठेवली.

संध्याकाळी हे आले. एक बूट काढला आणि तसेच थांबले.

"टाकी हलवलीत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात निरांजनात वात घालता घालता सासूबाई म्हणाल्या, "हो रे. तुला सांगायचं राहून गेलं."