चष्म्याची केबल खाली पडली होती

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर फक्त टाइमपास म्हणून वाचत आलो. कमेंटमध्ये टिंगलही केली आहे, त्यामुळे आता माझी केलीत तरी तक्रार नाही. आम्ही बौद्ध. देवदेवस्की, अंगारे-धुपारे घरात वर्ज्य. आई नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायची. वस्तीतल्या कडुनिंबावर 'कोणीतरी' आहे असं पोरं सांगायची, तर तिनं मला आठवडाभर त्याच झाडाखाली अभ्यासाला बसवलं. मच्छर सोडून कोणी भेटलं नाही.

मी नोव्हायला राहतो, डेट्रॉइटजवळ. गाड्यांमधले कॅमेरे टेस्ट करतो. आमची मुलगी मित्रा चार महिन्यांची असताना आई इथे आली. डायबेटिसनं तिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झालेत. कडेकडेचं थोडंफार दिसतं, पण जिथे बघावं तिथे नेमका धब्बा. माणसाचा चेहरा म्हणजे पुसलेली पाटी. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता सुधारणा नाही. नातीला मांडीवर घेऊन ती बोटांनी तिचं नाक, हनुवटी चाचपायची. एकदा माझ्या बायकोला, पल्लवीला, म्हणाली, "आयुष्यात सगळं पाहून झालं माझं, हिचं तोंड तेवढं राहिलं." पल्लवी आत जाऊन रडली. मीही.

आता चष्मा. टीव्हीच्या उजेडानं मित्रा जागी व्हायची, म्हणून गेम खेळायला मी एआर चष्मा घेतला होता. दिसायला गॉगलच, पण घातला की समोर भिंतीएवढा स्क्रीन तरंगतो. त्याला स्वतःची बॅटरी नसते. हातातल्या गेमिंग मशीनला केबलनं जोडला की मशीनचा स्क्रीन बंद होतो आणि चित्र चष्म्यात येतं. केबल निघाली की चित्र परत मशीनवर, आणि चष्मा म्हणजे नुसता काळा गॉगल... एवढं लक्षात ठेवा.

रविवारची दुपार होती. बाहेर बर्फ आणि लख्ख ऊन. मित्रा गालिच्यावर उताणी पडून पाय झाडत होती, मी सोफ्यावर होडीचा गेम खेळत होतो.

"काय करून राह्यला रे डोळ्याले लावून?" आईनं विचारलं.

"गेम. घालून पाहतेस?" मनात म्हटलं, एवढा मोठा स्क्रीन आहे, कडेनं काही दिसलं तर दिसलं. चष्मा काढून मी तिच्या डोळ्यांवर चढवला.

तिनं दोन्ही हातांनी काड्या नीट बसवल्या. मग हळूच म्हणाली, "नदी आहे... लाल होडी. अरे, डावीकडे पाह्य, दगड!"

खरंच होता. मी होडी वळवली. "आता पूल येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि पूल आला. मी जाम खूश! यार, हे आधी का नाही सुचलं... आणि मग लक्षात आलं की दगड, पूल, हे सगळं मी मशीनच्या स्क्रीनवर बघतोय. जो बंद असायला हवा.

केबल खाली पडली होती. चष्मा काढताना निघाली असणार.

अंगावर सरसरून काटा आला. तेवढ्यात आईनं मान गालिच्याकडे वळवली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"अगं बाई... हनुवटी माझ्या आईची आहे हिची." ती खाली वाकली. "गालावर ओरखडा कशाचा? नखं कापा हिची." मग एकदम शाळेतली बाई जागी झाली. "अन् तळपायाले तीट कोणं लावली? आपल्या घरी हे चालते का?"

मलाही तीट माहीत नव्हती. पल्लवी स्वयंपाकघरातून आली ती गोरीमोरी होऊन. तिच्या आईनं फोनवर फारच लावून धरलं, म्हणून सकाळी आंघोळीनंतर तिनं काजळाचा बारीकसा ठिपका लावला होता... सासूबाईंना कुठे दिसणार, म्हणून.

"सॉरी आई, ते..." ती म्हणाली आणि मध्येच थांबली. "आई, तुम्हाला दिसलं?"

"दिसून राह्यलं ना," आई म्हणाली. हसत होती, रडत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "केस पांढरे झाले रे तुझे, प्रशिक." मग डोळे पुसायला तिनं चष्मा काढला. पुन्हा घातला तर काही नाही. काळोख.

त्यानंतर मी सगळं करून पाहिलं. केबल लावून, न लावता, त्याच जागी, तशाच उन्हात. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, पडदे जसे होते तसेच. कडेनं दिसलं असेल म्हणावं, तर काळ्या गॉगलमधून तीळभर ठिपका? आणि होडी? चित्र का येत नाही, हे शोधायचा मला पगार मिळतो. चित्र का आलं, हे शोधायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली, आणि मी सपशेल नापास झालो. पण खरं सांगतो, भीती नाही वाटली. त्या दुपारी आमच्या घरात काहीतरी फार मोठं येऊन गेलं, असंच आजही वाटतं.

आई नागपूरला परत गेली. मित्रा आता घरभर धावते. परवा फोनवर आईला म्हटलं, "कारण अजून सापडलं नाही गं."

"असन काहीतरी. चमत्कार-बिमत्कार म्हणू नको बरं," ती म्हणाली. "सापडलं तर सांग. मले घाई नाही. मी तिले पाह्यलं."