विमलचा रानधोपा

"मावशी, आई गेली," एवढंच विमलचा मुलगा सुधीर फोनवर बोलला. मी विचारलं, "कुठं गेली?" विमल दुसऱ्या दिवशी हिंगणीहून माझ्याकडे सिंदी मेघेला यायची होती, एक दिवस आधीच निघाली असेल, असं वाटलं... मग सुधीर म्हणाला, "नाल्यावर धोप्याचे पानं तोडाले गेलती. वीज पडली." ती पानं माझ्यासाठीच होती. महिना उलटून गेला, तरी हे मला पुरतं कळलेलं नाही.

देवळीत माझ्या आणि विमलच्या माहेरच्या घरांची भिंत एकच, लहानपणापासूनच्या मैत्रिणी आम्ही. धोपा म्हणजे आपलं अळूच, पण विमलला परसातलं चालत नसे. नाल्याकाठचा रानधोपाच हवा. लग्न होऊन जंगलाच्या कडेला हिंगणीला गेली, तेव्हा पहिल्याच भेटीत म्हणाली, "सासर कसं बी असो, पानं चांगले हायेत." पानांना डाळीचं वाटण लावून, एकावर एक रचून, घट्ट गुंडाळी करून ती वड्या वाफवायची.

माझे यजमान गेले तेव्हा मला घास गिळवत नव्हता. मुलं समजावून थकली. विमल बसनं आली, वड्यांचा डबा उघडला आणि समोर भिंतीला टेकून बसली. "म्याबी सकाळपासून खाल्लं नाई. तू खाशीन तवाच खाईन." दुपार कलली... ती हलली नाही. शेवटी तिची दया येऊन मी एक वडी तोंडात टाकली आणि इतक्या दिवसांचं रडू फुटलं. तीही जेवू लागली.

तेरवीला हिंगणीला गेले, तेव्हा तिच्या सुनेनं सांगितलं, की पानं विमलच्या पदरात बांधलेलीच सापडली. हिरवीगार. शिजवायचं कुणाच्या मनात येईना, उकिरड्यावर टाकवेनात. सुधीरनं ती नाल्यात सोडून दिली.

परवा बाजारातून पानं आणून मी वड्या केल्या. मुलीनं हात पुढं केला, तशी मी ताटली मागं ओढली. रानातलं पान कधीकधी घशाला खाजतं, म्हणून विमल पहिली वडी कुणालाच देत नसे. स्वतः खायची, चुलीपाशी थोडं थांबायची, आणि मगच "खा आता" म्हणायची. बाजारातल्या पानांना याची गरज नव्हती. तरी मी पहिली वडी खाल्ली आणि थांबले. घसा खाजला नाही. मुलगी वाट बघत होती... पण "खा आता" हे शब्द काही माझ्या तोंडून निघेनात.